एका जागेचे दोन उमेदवार

दुसऱ्या मजल्यावरच्या चार नंबरच्या खोलीत एक माणूस रिकाम्या खुर्च्यांशी मोठ्या अदबीने बोलत होता.

"सर, तुमचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे," तो डावीकडच्या खुर्चीला म्हणाला. मग उजवीकडच्या खुर्चीकडे वळला. "आणि मॅडम, तुम्ही मघाशी जे म्हणालात, ते... ते..."

मॅडम मघाशी काय म्हणाल्या होत्या ते त्यालाच आठवेना. त्याने खुर्चीकडे इतक्या आशेने पाहिलं, की दारात उभ्या असलेल्या तिला एरवी हसूच फुटलं असतं. पण हसायला वेळ कुणाला होता? सहा वाजून चार मिनिटं झाली होती, आणि सहा ते सात ही खोली तिच्या नावावर होती.

"तुमचं आणि खुर्च्यांचं आटपलं असेल तर मला आत येऊ द्या," ती म्हणाली. "ही वेळ माझी आहे."

तो दचकून वळला. उंच, रुंद खांद्यांचा, आणि केस ओले. नुसते दमट नव्हेत, चांगले निथळणारे. इस्त्रीच्या शर्टाच्या कॉलरवर थेंब पडत होते.

"सहा ते सात?" तो म्हणाला. "ती तर माझी आहे."

दोघं खाली जाऊन नोंदवही बघून आले. मुलाखतीच्या सरावाला खोल्या देणाऱ्या मार्गदर्शन कक्षाच्या कारकुनाने एकाच रकान्यात दोघांची नोंद करून ठेवली होती, एक वर आणि एक खाली. आणि एवढा पराक्रम करून तो साडेपाचलाच घरी गेला होता.

"कसली मुलाखत आहे तुमची?" परत जिना चढताना तिने विचारलं. विचारायचं म्हणून विचारलं.

"विद्यार्थी सहाय्य अधिकारी. इथलीच, विद्यापीठातली. तुमची?"

ती पायरीवरच थांबली. "तीच."

तो दोन पायऱ्या वर गेला होता, तो खाली आला.

"जागा किती आहेत हो?" त्याने हळूच विचारलं.

"एक."

"हं. मीही एकच वाचली होती. म्हटलं, माझ्याच वाचण्यात काही चूक असेल."

तिला विद्यापीठात सगळे फौजदार म्हणत. हे नाव मुलांनी दिलेलं. आधी पाठीमागे घेत, मग तोंडावर घेऊ लागले, आणि एक दिवस तिच्या आईनेही ते उचललं. विद्यार्थी कल्याण विभागाच्या खिडकीमागे ती तीन वर्षं बसत होती, पण कंत्राटावर. दर अकरा महिन्यांनी करार संपायचा आणि नवा व्हायचा. या वेळी तो होणार नव्हता. कायमची जागा निघाली होती, ती भरली की कंत्राटी टेबल बंद. म्हणजे महिनाअखेरीला एकतर ती अधिकारी होणार होती, नाहीतर परगावी मामाच्या सिमेंटच्या गोदामात फोन उचलायला जाणार होती. मामाने तिच्यासाठी फिरती खुर्चीसुद्धा घेऊन ठेवली होती.

आणि हा ओल्या केसांचा गृहस्थ विद्यापीठाच्या तलावावर पोहायला शिकवायचा. त्याला सगळे कोच म्हणत. तलाव महिनाअखेरीला बुजवणार होते; तिथे परीक्षा भवन होणार होतं.

"पोहायला शिकवणाऱ्याने हा अर्ज कशाला केला?" तिने सरळच विचारलं.

"पहाटे साडेपाचला तलावावर कोण येतं, माहितेय?" तो म्हणाला. "ज्याला झोप लागलेली नसते तो. पोहणं राहतं बाजूला. काठावर पाय सोडून बसतात आणि बोलतात. घरचं, अभ्यासाचं, काय काय... मी नुसतं ऐकतो. म्हटलं, आपण हेच काम करतोय की इतकी वर्षं."

उत्तर चांगलं होतं. तिच्या कुठल्याही उत्तरापेक्षा चांगलं होतं, आणि याचाच तिला भारी राग आला.

"मुलाखतीत अस्संच सांगा," ती म्हणाली, आणि लगेच जीभ चावली. प्रतिस्पर्ध्याला धडे द्यायला बसली होती! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पण एकट्याने तयारी कशी करायची? तीन दिवस ती घरातल्या कपाटासमोर उत्तरं देत होती, आणि कपाट उलटा प्रश्न विचारत नाही. शेवटी ठरलं: अर्धा तास त्याने तिला प्रश्न विचारायचे, अर्धा तास तिने त्याला.

"एक विद्यार्थिनी येते," त्याने कागद बघून सुरुवात केली. "म्हणते, मला सुट्टीत घरी जायचं नाहीये—"

"फॉर्म अकरा," ती म्हणाली. "सुट्टीतला निवास. वॉर्डनची सही, पालकांचं पत्र, दोन फोटो. आठवडाभर आधी दिला तर—"

"माझं वाक्य संपलं नव्हतं."

"प्रश्न तर कळला ना!"

"का जायचं नाहीये तिला घरी?"

तीन वर्षांत शंभर तरी फॉर्म अकरा तिने भरून घेतले होते. पालकांचं पत्र लागेल म्हटल्यावर एक मुलगी काही न बोलता खिडकीवरून निघून गेली होती, ती तिला आत्ता आठवली. त्या मुलीचा चेहरा आठवेना, फक्त पाठ आठवली. तिला फार वाईट वाटलं.

"समोरचा बोलायचा थांबला ना," कोच म्हणाला, "की मनात सात आकडे मोजायचे. मग बोलायचं. बहुतेक वेळा पाचाच्या आत तोच पुढचं सांगतो. खरं काय ते त्यातच असतं."

"सात? तेवढ्यात माझी रांग फाटकाबाहेर जाईल!"

"जाऊ दे ना."

जाऊ दे म्हणे! आता तिने त्याला धरलं. वसतिगृहात दोन दिवस पाणी नाही, दोनशे मुलं विभागाच्या दारात उभी आहेत, काय कराल? कोच म्हणाला, आधी मी त्यांना बसवीन. कुठे बसवाल? मग म्हणाला, त्यांचं ऐकून घेईन. दोनशे जणांचं? मग म्हणाला, त्यामागची भावना... इथे तिने कपाळाला हात लावला.

"भावना काय, पाणी हवंय त्यांना! टँकर कोण मागवतं? अर्ज कुणाकडे जातो? कुणाची सही लागते?"

त्याला यातलं काहीही माहीत नव्हतं. सात वाजता दिवे घालवताना तो म्हणाला, "मंगळवारी आणि शुक्रवारी, याच वेळेला?" ती म्हणाली, "बघू." मंगळवारी ती सहाला पाच कमी असतानाच हजर होती.

पुढचे तीन आठवडे तिची नुसती चिडचिड होत राहिली. हा माणूस उशिरा यायचा. यायचा तेव्हा तलावाच्या औषधाचा वास घेऊन यायचा, आणि ओल्या हातांनी तिच्या नीट लावलेल्या कागदांना हात घालायचा. तिने स्वतःसाठी आणलेली बिस्किटं बोलता बोलता संपवायचा. त्याच्या उत्तराला सुरुवात असायची, मध्य असायचा, आणखी एक मध्य असायचा, पण शेवट म्हणून नसायचा. तिने खिडकीवरची टेबलघंटी आणली आणि दोन मिनिटं झाली की टण्णकन वाजवू लागली. तो घंटीनंतरही बोलायचा.

"एवढं शेवटचं सांगतो आणि—"

"अरे, तू ऐकणार आहेस का माझं!" एका शुक्रवारी ती ओरडली.

तो थांबला. तीही थांबली. आतापर्यंत अहोजाहो चाललं होतं; हा 'तू' कुठून निसटला, तिलाच कळलं नाही.

"ऐकतोय," तो म्हणाला, आणि हसला. "तू बोल."

तिने खाली बघून कागद लावले. ते आधीच लावलेले होते.

घरी तिने सात आकड्यांचा सराव सुरू केला. आईने विचारलं, भाजी कशी झालीय? ही गप्प. आईने विचारलं, मामाला काय कळवू? ही गप्प, नजर भिंतीकडे. घरात आत्याही राहायची. तिने निवृत्त होईपर्यंत टेलिफोन खात्यात दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली होती आणि तिच्या कानातून काही सुटत नसे. तिने आईला बाजूला घेतलं.

"वहिनी, हिला एकदा डॉक्टरकडे दाखवा. आधी बोलून वेड लावायची, आता न बोलून लावतेय."

"आत्या, मी मोजतेय!"

"काय मोजतेयस? आमचे दिवस?"

कोचचंही काही बाबतीत भलं होत होतं. टँकरचा अर्ज, वॉर्डनचे अधिकार, कुठली तक्रार कुणाकडे जाते, हे त्याला पाठ झालं होतं. तिनेच पाठ करून घेतलं होतं. बसमध्ये उभं राहून घरी जाताना कधी कधी तिच्या मनात यायचं, की आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय. मग ती ठरवायची, पुढच्या वेळी याला काही सांगायचं नाही. आणि पुढच्या वेळी वसतिगृहाच्या नियमांचा आख्खा तक्ता काढून न्यायची.

मुलाखतीला आठ दिवस उरले होते. शुक्रवार होता. त्या दिवशी कोच वेळेवर आला, केसही पुसलेले होते.

"आज मी विद्यार्थी होतो," तो म्हणाला. "तू अधिकारी."

"बस," ती टेबलामागे सरसावून म्हणाली. "सांग, काय अडचण आहे?"

"मॅडम, एक मुलगी आहे." तो हाताच्या बोटांकडे बघत होता. "आठवड्यातून दोनदा भेटते. म्हणजे... अभ्यासासाठीच. सारखी माझ्यावर चिडते. उशिरा आलो की चिडते. वेळेवर आलो तर बिस्किटं खाल्ली म्हणून चिडते. आणि ज्या दिवशी ती भेटत नाही ना, त्या दिवशी कुणी ओरडत नाही. फार रिकामा जातो तो दिवस."

एक, दोन, तीन... तिने पूर्ण सात मोजले.

"आता आमची परीक्षा जवळ आलीय," तो म्हणाला. "त्यानंतर भेटायला काही कारणच राहणार नाही. तिला सांगावं की नाही, कळत नाही."

पुन्हा सात. आज काय सुरेख जमत होतं!

"सांगितलंस तर काय होईल, असं तुला वाटतं?"

"ओरडेल."

"आणि नाही सांगितलंस तर?"

त्याने मान वर केली आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "तर... कोण ओरडेल मग माझ्यावर?"

तिच्या छातीत काहीतरी धडधडलं. मुलाखतीची धास्ती, दुसरं काय! तिने टण्णकन घंटी वाजवली.

"बघितलंस? दोन वेळा पुरे सात! एकदाही मध्ये बोलले नाही." ती उत्साहाने कागदावर लिहू लागली. "आता तुझं. दहापैकी सहा. अरे, ती मुलगी पटतच नाही. अशी सारखी वसवस करणारी मुलगी कुणाला आवडेल? जरा गोड दाखव तिला. आणि शेवट फार ओढूनताणून आणलास. असा मुलगा खरंच आला, तर मी त्याला समुपदेशक बाईंकडे पाठवीन. बुधवारी तीन ते पाच, तळमजला."

"बुधवारी तीन ते पाच," तो म्हणाला. मग त्याने पिशवी उचलली. दारात जाऊन वळला. "गोड नाही दाखवता येणार, फौजदार. ती तशी नाहीये."

"याला काही सुचवायची सोयच नाही," ती रिकाम्या दाराला म्हणाली.

रात्री घरी आत्याबरोबर मटार सोलताना तिने हा किस्सा मजेत सांगितला. आत्याचे हात हळूहळू थांबले.

"आठवड्यातून दोनदा भेटते म्हणाला?"

"हो."

"चिडते म्हणाला? परीक्षा जवळ आलीय म्हणाला?"

"हो गं. बनवलेला प्रश्न होता तो, आत्या."

"मग तू काय केलंस?"

"सांगितलं ना, दहापैकी सहा दिले."

आत्या तिच्याकडे बघत राहिली. या वेळी आत्याच सात मोजत होती की काय, कोण जाणे. पाचाच्या आसपास भाचीच्या हातातली शेंग खाली पडली.

"आई गं..." ती म्हणाली.

"कळलं एकदाचं," आत्या म्हणाली. "वहिनी, डॉक्टर नको आता!"

तिला त्या दिवशी जेवण गेलं नाही. वसवस करणारी मुलगी कुणाला आवडेल, असं आपण आपल्याच तोंडाने विचारलं! सुधारणासुद्धा सुचवल्या! आणि समुपदेशक बाईंची वेळही दिली! लाजेने कान तापले होते, आणि त्या सगळ्या लाजेखाली इतका आनंद होता की त्याचाही तिला राग येत होता. आत्ताच सुचायचं होतं याला? मुलाखत तोंडावर आली असताना?

मंगळवारी तो आलाच नाही. ती सात वाजेपर्यंत दाराकडे बघत बसली आणि एकही उत्तर धड आठवेना.

बुधवारी सव्वातीनला ती फायली घेऊन तळमजल्याच्या बोळातून चालली होती, तर समुपदेशक बाईंच्या दाराबाहेरच्या बाकावर तीन विद्यार्थ्यांच्या शेजारी कोच बसलेला. हातात पुढच्याच नंबरचा बिल्ला.

"तू इथे काय करतोयस?" ती दबक्या आवाजात ओरडली.

"तूच पाठवलंस."

"ऊठ आधी!"

"माझा नंबर जाईल."

शेजारच्या तिन्ही विद्यार्थ्यांनी मोबाइल खाली ठेवले. यापेक्षा चांगलं काही त्यांना मोबाइलमध्ये दिसणार नव्हतं.

"काल का आला नाहीस?" तिने विचारलं.

"मला सांगायचं होतं ते सांगून झालं होतं. गुणही मिळाले होते."

"हे बघ," ती आणखी खाली वाकली, "तुझ्या डोक्यात जर असं असेल, की अर्ज मागे घ्यावा, हिला जागा मिळू द्यावी, तर याद राख. मला असली मेहेरबानी नको."

कोच खरोखरच चकित झाला. "मी कशाला मागे घेऊ? मला नोकरी हवीय. तू आवडतेस म्हणून काय मी तुझ्या मामाच्या गोदामात जाऊ?"

ती आधी सुटकेने हसली आणि मग तिला भयंकर राग आला. निदान मनात आलं होतं एवढं तरी म्हणायचं होतं याने!

"मग... उत्तर?" त्याने विचारलं.

"शनिवारी मुलाखत आहे. तोपर्यंत एक शब्द विचारायचा नाही. आधीच डोक्यात काही राहत नाहीये."

"बरं."

"आणि ते सहा गुण मी परत घेतेय."

"किती देणार मग?"

"कोच!"

आतून बाईंनी पुढच्याला बोलावलं. बाकावरचा मुलगा म्हणाला, "दादा, तुमचं इथेच झालं असेल तर मी जाऊ का?"

शनिवारी नऊ उमेदवार होते. दुपारपर्यंत सात घरी गेले, आणि या दोघांना एकदमच आत बोलावलं. शेजारी शेजारी दोन खुर्च्या. समोर डीन मॅडम, पेंगणारे एक उपकुलसचिव आणि बाहेरून आलेले जाड चष्म्याचे प्राध्यापक.

"आम्ही खोलीची नोंदवही बघितली," प्राध्यापक म्हणाले. "महिनाभर तुम्ही दोघांनी एकत्र तयारी केलीत. म्हणजे चांगले ओळखता एकमेकांना. तर बाई, तुमच्या शेजारच्या उमेदवाराला आम्ही ही जागा का देऊ नये?"

हा प्रश्न तयारीत नव्हता, पण उत्तर महिनाभर साठलेलं होतं. ती सुरूच झाली. वेळेवर येत नाहीत. उत्तराला शेवट नसतो. घंटी वाजवली तरी थांबत नाहीत. कागद भिजवतात. टँकरचा अर्ज कुणाकडे जातो हे सांगितल्याशिवाय कळलं नव्हतं. एका विद्यार्थ्यापाशी दोन तास बसतील आणि बाहेर पन्नास जण ताटकळतील. उपकुलसचिव जागे झाले. डीन मॅडमनी तोंडावर रुमाल धरला. शेजारी कोच मान डोलावत होता. सगळं खरंच होतं.

"बरं," प्राध्यापक हसू आवरून म्हणाले. "आता समजा, तुमचा सख्खा धाकटा भाऊ परक्या विद्यापीठात शिकायला गेला. तिथे तो कशात तरी अडकलाय, कुणाला सांगत नाहीये. एका खोलीत तुम्ही बसलाय, एका खोलीत हे. त्याला कुणाकडे पाठवाल?"

उत्तर तिला माहीत होतं. माझ्याकडे. दोन शब्दही नव्हेत, एकच. त्याच एका शब्दासाठी ती महिनाभर झुरली होती.

तिने सात मोजले. आणि त्या सात आकड्यांत ती मुलगी आली, खिडकीवरून न बोलता गेलेली.

"यांच्याकडे," ती म्हणाली.

शेजारच्या खुर्चीत हालचाल झाली. कोच काहीतरी बोलायला पुढे झाला, पण तेवढ्यात दार उघडून चहा आला, डीन मॅडमनी घड्याळ पाहिलं, आणि त्याला तो प्रश्न कुणी विचारलाच नाही.

सोमवारी फलकावर यादी लागली. यादी कसली, एकच नाव, आणि ते त्याचं. खाली बारीक अक्षरात प्रतीक्षा क्रमांक एक म्हणून तिचं. तिने तीनदा वाचलं. आपण खरं बोललो याचं समाधान वगैरे काही तिला वाटलं नाही. आपण मूर्ख आहोत एवढंच वाटलं.

वरून तिला डीन मॅडमचा निरोप आला. मॅडमनी एक पत्र पुढे केलं.

"तुझा करार तीन महिने वाढवलाय," त्या म्हणाल्या. "नव्या अधिकाऱ्याला कामाची नीट माहिती करून द्यायची आहे. तुझ्याशिवाय कोण देणार?"

"म्हणजे... जागा त्याला. आणि शिकवायचं मी?"

"तू त्या दिवशी खरं बोललीस गं. म्हणूनच आम्हाला ते मानावं लागलं. पुढच्या महिन्यात शेजारच्या महाविद्यालयात अशीच जागा निघतेय. अर्ज कर. मी लिहून देईन तुझ्याविषयी."

पत्र घेऊन ती खिडकीमागे येऊन बसली. समोर रांग होती, आणि रांगेत सातव्या नंबरवर कोच उभा होता. पुढे घुसला नाही. सहा जणांची कामं होईपर्यंत उभा राहिला. त्या सहांना तिने कसं वाटेला लावलं तिलाच ठाऊक.

"काय काम आहे?" तो समोर आल्यावर तिने विचारलं.

"मला विचारलं असतं तर मी तुझं नाव घेतलं असतं."

"खोटं बोलू नकोस."

"खरंच. माझा भाऊ अडकला तर तो बोलणार नाही, त्याला कुणीतरी बाहेर ओढून काढावं लागेल. ते मला जमत नाही. मी नुसता काठावर बसतो. तू उडी मारतेस, कपड्यांसकट."

तिचे डोळे भरले. "मग चहा आल्यावर बोलता नाही आलं? एरवी घंटी वाजवली तरी थांबत नाहीस, त्याच दिवशी थांबायचं सुचलं?"

"चुकलं माझं."

"मला तुझा फार राग आलाय, कोच. तीन वर्षं मी त्या खुर्चीकडे बघतेय. तुला सगळं मी शिकवलं, आणि अजून तीन महिने शिकवायचं आहे. आणि तू जर आता म्हणालास की मी ती जागा सोडतो, तर मी तुझं तोंड पाहणार नाही."

"नाही म्हणणार."

"ते तरी म्हणायचंस!"

मागून कुणीतरी ओरडलं, "ताई, आमचं कधी होणार?" तिने लक्ष दिलं नाही. खणातून एक फॉर्म काढला आणि डोळे पुसत तो भरू लागली.

"हे काय?" त्याने विचारलं.

"पहिल्या तारखेपासून तू माझा साहेब. साहेब आणि हाताखालचा माणूस यांच्यात काही असेल, तर आधी लिहून द्यावं लागतं. मग माझी रजा, हजेरी तुझ्याकडे येत नाही, सरळ डीन मॅडमकडे जाते. नियम आहे."

"काही असेल तर... म्हणजे?"

"थांब जरा."

'नात्याचं स्वरूप' असा रकाना होता. रक्ताचं, तिने खोडलं. लग्नाचं, खोडलं. व्यावसायिक, तेही खोडलं. चौथी ओळ होती, 'इतर असल्यास स्पष्ट करा.' तिथे ती पेन दाबून दाबून लिहीत राहिली, मग फॉर्म उलटा करून काचेखालून त्याच्याकडे सरकवला.

त्याने वाचलं.

'माझं यांच्यावर प्रेम आहे. मला हवी असलेली जागा यांना मिळाली, याचा रागही आहे. राग जायला वेळ लागेल. प्रेम जाईल असं दिसत नाही.'

तो किती वेळ वाचत होता कुणास ठाऊक. तिने काही मोजलं नाही.

"वाचलंस ना?" शेवटी तीच म्हणाली. "खाली दुसऱ्या व्यक्तीचं म्हणणं लिहायचं असतं. आणि सही."

त्याने तिच्याच हातातलं पेन घेतलं आणि एकच शब्द लिहिला. 'मान्य.'

"काय मान्य? राग की प्रेम?"

"दोन्ही," तो म्हणाला. "तारीख कुठली टाकू?"

"आजची टाक, आजची! एवढंही कळत नाही?"

त्याने आजची तारीख टाकली. तिने फॉर्म ओढून घेतला, त्यावर धाडकन शिक्का मारला, खिडकीची झडप खाली ओढली आणि मागच्या दाराने बाहेर त्याच्याकडे निघाली. रांगेने एकच गलका केला. तीन वर्षांत पहिल्यांदाच, ती म्हणाली, करू दे.